तीन पांडव इकडे, दोन तिकडे

तेर बघायचं असेल तर येळवशीच्या दिवशी मुळीच जाऊ नका. त्या दिवशी गावात माणूस भेटत नाही, चहा मिळत नाही, रिक्षा मिळत नाही, आणि पोटाचे जे हाल होतात ते उपाशी राहून नाही, खाऊन खाऊन होतात. एवढं बजावून झाल्यावर आता खरं सांगते. जायचंच असेल तर येळवशीलाच जा.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मी मूळची गुहागरकडची, संसार पुण्यात केला, त्यामुळे हा सण मला पन्नाशी उलटेपर्यंत ऐकूनही माहीत नव्हता. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला मात्र दिवाळीला सुट्टी नाही मिळाली तरी चालते, येळवशीला मिळायलाच हवी. ऐन थंडीत शेतात शाळू आणि हरभरा उभा असतो. घरंदारं बंद करून सगळं गाव रानात जातं. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून खोपट उभं करतात, त्याला म्हणायचं कोप. कोपीत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पाच पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग जेवायचं. नियम एकच. वाटेनं जो कोणी जाईल त्याला हाक मारायची, आणि हाक ऐकली त्यानं नाही म्हणायचं नाही.

हे मला सांगितलं शैलानं. शैला पुण्यात माझ्या समोरच्या दारात राहते. तिचं माहेर तेर. दरवर्षी येळवस जवळ आली की ही बाई आठ दिवस आधीपासून भज्जी, आंबील, उंडे असं काहीतरी बोलायला लागायची आणि मग एस.टी.त बसून निघून जायची. गेली तीन वर्षं मात्र ती गेली नव्हती. विचारलं की म्हणायची, गुडघा दुखतो. मी कोकणातल्या चढ-उतारांत वाढलेली, मला गुडघ्यावर कोण फसवणार? शेवटी एकदा तिनं सांगितलं. तिच्या दोन भावांची वाटणी झाली होती. वाटणीचं काही नाही, घरोघरी मातीच्या चुली. पण नंतर धाकट्याच्या ट्रॅक्टरनं मधला बांध फूटभर खाल्ला असं थोरल्याचं म्हणणं पडलं, आणि बोलणं बंद झालं. तेव्हापासून एका रानात दोन कोपी.

"मी एकाच्या कोपीत जेवले तर दुसऱ्यानं काय पाप केलं?" शैला म्हणाली. "मी दोघांनाही सांगून आलेय. दोघं एका कोपीत बसाल त्या दिवशी मी येळवशीचं जेवेन. तोवर कुणाच्याच कोपीत माझा घास नाही."

"मग यंदा कशाला निघालीस?"

"यंदा तुला नेतेय," ती म्हणाली. "तू बाहेरची. दोघांनाही तुला हाक मारावी लागेल."

म्हणजे माझं आमंत्रण पर्यटनाचं नव्हतं. पण फुकटात तेर बघायला मिळतंय म्हटल्यावर मी कशाला खोलात जाते!

ढोकी

सकाळी ढोकीला उतरलो तेव्हा थंडीनं माझे दात वाजत होते आणि हवेत कारखान्याच्या मळीचा गोडसर वास होता. उसानं लादलेल्या ट्रॉल्या रस्त्याकडेला उभ्या होत्या. ढोकीहून तेरला रिक्षा मिळते, पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं, असं शैला गाडीत बसल्यापासून सांगत होती. थांबलो. चहाच्या टपरीला फळी लावलेली, रिक्षांच्या जागी दोन शेळ्या. तेवढ्यात एक माणूस मोटारसायकलवरून आला. मागे बायको, बायकोच्या मांडीवर तोंडाला फडकं बांधलेली घागर, मध्ये पोर. शैलानं त्याला रिक्षाचं विचारलं.

"रिक्षा? आज?" त्यानं गाडी न थांबवताच विचारलं. "ओ ताई, आज कलेक्टरला बी रिक्षा मिळायची न्हाय!"

आणि तो गेला, आंबिलीचा आंबूस वास मागे ठेवून. शैला खो खो हसायला लागली. "चल," म्हणाली, "पायी जाऊ. लई लांब न्हाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं ही बाई माझ्याशी 'नाही' आणि 'खूप' बोलत आली. ढोकीच्या मातीला पाय लागले मात्र, 'लई' आणि 'न्हाय' सुरू! पुढे दोन दिवस मला तिची पुण्याची भाषा ऐकायला मिळाली नाही.

वाटेवरच्या कोपी

काळी जमीन मी पूर्वीही पाहिली होती, पण गाडीच्या खिडकीतून. पायी चालताना ती निराळीच दिसते. नजर जाईल तिथवर शाळू, कणसं नुकती भरायला लागलेली. मध्ये मध्ये हरभऱ्याचे पट्टे, कुठे करडईची काटेरी रांग. आमच्याकडे डोंगर आणि झाडी यांच्यामुळे आभाळ तुकड्या-तुकड्यांनी वाट्याला येतं. इथे ते पसरलेलं, आणि त्याच्याखाली प्रत्येक रानात एक कोप, कोपीभोवती लुगड्यांचे आणि धोतरांचे रंग. डांबरी सडक सोडून आम्ही गाडीवाटेला लागलो आणि पहिली हाक आली.

"ओ ताई! कुठं निघालाव?"

"तेरला," मी ओरडले.

"तेर काय पळून चाललंय व्हय? या की!"

मी आत गेले. शैला वाटेवरच थांबली. "मला उपास हाय," म्हणाली. त्या घरची म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "येळवशीला उपास? कुण्या देवाचा गं हा?" शैला नुसती हसली.

आता जेवणाचं सांगायलाच हवं. भज्जी म्हणजे भजी नव्हेत, ही चूक मी केली आणि तेलात तळलेलं काहीतरी शोधत बसले. हरभऱ्याचा कोवळा पाला, तुरीचे आणि वाटाण्याचे ओले दाणे, बोरं, चिंच, मिळेल ती पालेभाजी, वर डाळीचं पीठ, असं सगळं रानच पातेल्यात शिजवायचं, ती भज्जी. ती बाजरीच्या उंड्याबरोबर खायची. उंडा म्हणजे पिठाचा वाफवलेला गोळा, हातात घेतला तर जड आणि पोटात गेला तर त्याहून जड. शिवाय गव्हाची खीर. आणि ह्या सगळ्यावर आंबील. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून, लसूण घालून, रात्रभर मुरवलेली. मातीच्या भांड्यातली थंडगार आंबील पहिल्या घोटाला जरा चमत्कारिक लागली. दुसऱ्या घोटाला मी भांडं सोडेना.

आमच्याकडेही पाहुण्याला 'जेवून जा हो' म्हणतात. पण ते दारात उभं राहून, एक हात कडीवर ठेवून म्हणतात. इथे त्या म्हातारीनं माझी पिशवीच काढून घेतली आणि ती स्वतःच्या मांडीखाली ठेवून बसली. ताट रिकामं झाल्याशिवाय पिशवी मिळाली नाही.

अशा तीन कोपी झाल्या. तिसऱ्या कोपीतून निघताना माझ्या पायांत जोर नव्हता आणि डोळे मिटत होते. आंबील चढते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका चिंचेखाली मी बसकण मारली. शेजारी शैला बसली, सकाळपासून पाण्यावर. तिनं पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि नुसत्याच फोडून दाणे पदरात टाकायला लागली.

"अगं, दुसऱ्यांच्या कोपीत खायला काय होतंय?" मी म्हटलं. "तुझी अट भावांपुरती आहे ना?"

"माहेरची कोप सोडून लोकाच्या कोपीत जेवू?" ती म्हणाली. "एवढी काय मी हावरट न्हाय."

माझ्याकडे बघून म्हणाली, पण मी ते मनाला लावून घेतलं नाही.

तेर

दुपार व्हायच्या आधी तेरणेचं पात्र दिसलं आणि मग गाव. हे गाव दोन हजार वर्षं जुनं, कदाचित त्याहूनही. इथला माल म्हणे बंदरावरून जहाजात चढून पार रोमपर्यंत जायचा. गावाभोवती पांढऱ्या मातीची टेकाडं आहेत. पावसात त्यांच्या अंगातून मणी, बांगड्यांचे तुकडे, मातीची खेळणी वर येतात असं शैला लहानपणापासून बघत आलेली. तसलं सगळं ठेवलेलं संग्रहालयही गावात आहे. अर्थात बंद. येळवस!

काकांचं देऊळ, म्हणजे ज्या कुंभार संतांमुळे हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे त्यांचं, ते तेवढं उघडं होतं. नमस्कार केला. पुजारीसुद्धा रानात गेलेला. गल्ल्यांतून आम्ही दोघीच. प्रत्येक दाराला कुलूप, एका ओट्यावर वाळत घातलेली मिरची, राखण करायला कोणी नाही. पुण्यात मी बाल्कनीतला पापड एकटा सोडत नाही.

त्रिविक्रमाचं देऊळ मात्र मी डोळे भरून पाहिलं. दगडाचं नाही, विटांचं. मागून पाहिलं तर छप्पर बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखं गोल उतरतं. आधी हे बौद्धांचं होतं, मग विष्णूचं झालं असं जाणकार सांगतात. विटा मोठ्या, आणि इथल्या जुन्या विटांची गंमत अशी की त्या पाण्यावर तरंगतात. मातीत साळीचा तूस मिसळून भाजलेल्या, त्यामुळे आतून पोकळ आणि हलक्या.

शैलानं भिंतीवर तळहात ठेवला.

"आमी लहानपणी पांढरीवर सापडलेलं तुकडं हौदात सोडून शर्यत लावायचो," ती म्हणाली. "अण्णा, मी आन बाळू. बाळू लई लहान. त्याचा तुकडा मागं पडला की लगेच भोकाड. मग अण्णा हळूच पाण्यात हात घालायचा आन त्याचा तुकडा पुढं ढकलायचा. बाळूला वाटायचं आपलाच जिंकला. मला सगळं दिसायचं."

मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चल, भूक लागलीया मला."

बांध

गावापासून रान जवळच होतं. पायवाट चढून आलो आणि मला हसूच आलं. शेजारी-शेजारी दोन रानं, मध्ये बांध, आणि दोन्हीकडे कोप. दोन्ही कोपी एकमेकींकडे पाठ करून उभ्या. अलीकडची अण्णांची, पलीकडची बाळूभाऊंची. अण्णा उंच, वाळकेसे, धोतर आणि टोपीतले, साठीचे. बाळूभाऊ गोल, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात मोबाईल, शैलाहून धाकटे. दोन्ही वहिनी एकाच वेळी उठल्या. कमलवहिनी अण्णांच्या, सिंधूवहिनी बाळूभाऊंच्या.

"आक्का आली!" सिंधूवहिनी ओरडल्या.

"शैले!" अण्णा म्हणाले. फक्त एवढंच.

शैला दोन्हींकडे न जाता बांधावर जाऊन बसली. भर उन्हात, ढेकळावर, चप्पल काढून. "मी इथं बरी हाय," म्हणाली. "माझी मैत्रीण हाय, तिला वाढा. ती वाटसरू हाय."

नियम म्हणजे नियम. दोन्हीकडून मला हाका सुरू झाल्या. वयाचा मान म्हणून मी आधी अण्णांकडे गेले. पोटात तीळ ठेवायला जागा नव्हती, पण कमलवहिनींच्या हाताला ते कोण सांगणार! ताट आलं. माझं लक्ष गेलं पांडवांकडे. पाच दगड, चुन्यानं पांढरे, वर कावेचे, म्हणजे गेरूचे, तांबडे ठिपके. त्यांतले तीन गुळगुळीत, चुन्याच्या जुन्या थरांनी जाड झालेले. उरलेले दोन कालपरवा ओढ्यातून आणल्यासारखे, कडा अजून धारदार. मी खात राहिले.

अण्णा कोपीबाहेर बांधाकडे तोंड करून बसले होते. त्यांनीही ताटाला हात लावला नव्हता. "कवापासून उपाशी हाय ती?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"काल रात्रीपासून," मी सांगितलं. अण्णांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

मग बाळूभाऊंकडे. पुन्हा ताट. ह्या बोलक्या माणसाचंही आज बोलणं तुटक. तेही कोपीबाहेर बसलेले, डोळा बांधावर. "आक्काला ऊन सोसत न्हाय, लहानपणापासून," ते म्हणाले. मी मान डोलावली आणि पांडवांकडे बघितलं. इथे दोन जुने, जाड थरांचे. तीन नवे.

माझं गणित कच्चं आहे, पण तीन आणि दोन किती होतात एवढं मला येतं. आणि खरं सांगायचं तर पाच कोपींच्या आंबिलीनं जीभ सैल झाली होती. मी तिथूनच ओरडले, "अगं शैला! तुमचे पांडव पण वाटून घेतलेत गं! तीन तिकडे, दोन इकडे!"

बोलले आणि जीभ चावली. कमलवहिनींच्या हातातली पळी तशीच राहिली. सिंधूवहिनी मला नंतर म्हणाल्या की वाटणीच्या दिवशी विहीर, झाडं, बांध सगळं पंचांनी मोजून दिलं, पण ह्या दगडांचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी अण्णांनी थोरला म्हणून तीन उचलले आणि बाळूभाऊंनी न बोलता उरलेले दोन. तीन वर्षं दोन्ही घरं नव्या दगडांना चुना लावून पाच भरत होती आणि शैलाला कुणी कळू दिलं नव्हतं.

शैला उठून उभी राहिली. दिवसभर उपाशी असलेली बाई, पण आवाज तेरपासून ढोकीपर्यंत गेला असेल.

"पांडव वाटलं? आरं, कौरवांनी त्यांला वनवासात धाडलं, पर पाचीच्या पाची एकत्र धाडलं! तुमी तर कौरवांच्या बी वरचढ निघालाव! आजाच्या आजानं मांडलेलं दगड हायेत ते! आन आता हे नवं पाच कोण आणून बसवल्यात? त्यांची नावं तरी सांगा मला!"

मग अण्णांच्या कोपीबाहेरून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, म्हातारा रडायला लागला. तो हसत होता. ओठ दाबून दाबून हसत होता, खांदे हलत होते. आणि पलीकडे बाळूभाऊंना ते दिसलं मात्र, ते पोट धरून खालीच बसले. तीन वर्षांत दोघं भाऊ एका गोष्टीवर पहिल्यांदा हसले, ते स्वतःच्या मूर्खपणावर.

शैला मात्र हसली नाही. पुन्हा बसली, त्याच उन्हात. "हसून माझं पोट भरत न्हाय," म्हणाली.

हसणं थांबलं. अण्णा उठले. आपल्या कोपीची एक पेंढी उपसली, खांद्यावर घेतली आणि बांधावर आणून शैलाच्या डोक्यावर सावली होईल अशी उभी धरली. ते बघून बाळूभाऊ उठले, दोन पेंढ्या उपसल्या. अण्णांनी आणखी दोन आणल्या. बहिणीला सावली कोण जास्त करतो याची ही चढाओढ, एकमेकांकडे न बघता. पण कोप एका बाजूनं उभी राहत नाही. दोन्हीकडच्या पेंढ्या शेंड्याला एकमेकींवर टेकल्या तरच ती राहते. आणि हे दोघं आपापल्या बाजूनं नुसतेच ढकलत होते.

पहिल्या खेपेला सगळं कोसळलं ते माझ्या अंगावर. मी मदतीला गेले होते! केसांत, गळ्यात, पदरात कडबा, आणि सगळेजण आधी पेंढ्या उचलायला धावले, मला कुणी उचललं नाही.

मग अण्णा मला म्हणाले, "ताई, ह्याला म्हणावं, बुडाला जरा फाकवून ठेव."

'ह्याला' म्हणजे हातभर अंतरावरचे बाळूभाऊ. ते म्हणाले, "ताई, त्यांना म्हणावं, मला कळतंय त्ये."

"त्यांना कळतंय म्हणतात," मी सांगितलं.

"कळतंय तर पडली कशी?"

"पडली कशी, असं विचारतायत."

"त्यांना म्हणावं, त्यांनी आधी सोडली!"

त्या दिवशी मी दुभाष्याचं काम केलं आणि दोन्ही बाजूंची भाषा एकच होती. ह्या सगळ्या धडपडीत दोघांनी एकमेकांचं नाव एकदाही घेतलं नाही हे माझ्या लक्षात आलं. पण हात बोलत होते. अण्णांनी पेंढी टेकवली की बाळूभाऊ आपोआप समोरची पुढे करत. लहानपणापासून एकत्र बांधलेल्या कोपी, हात विसरतात थोडेच! बांधावर कोप उभी राहिली. वाकडी, ठेंगणी, एक अंग अण्णांच्या कडब्याचं, दुसरं बाळूभाऊंच्या. दोघं घामेजलेले आत येऊन बसले, शैलाच्या दोन बाजूंना, तोंडं बाहेर करून.

"पांडव न्हाईत तर ही कसली कोप?" कमलवहिनी म्हणाल्या.

"जेवायपुरती हाय," शैला म्हणाली. "वाढा."

सिंधूवहिनींनी आंबील आणली, कमलवहिनींनी भज्जी. एकाच ताटात. शैलानं उंडा मोडला, भज्जीत बुडवला आणि पहिला घास घेतला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी चावत राहिली. मी सकाळपासून पाच ताटं उडवली होती, पण खरं सांगते, त्या एका घासानं मला जेवल्यासारखं वाटलं.

घराकडे

दोन्ही भावांची घरं एका भिंतीला भिंत लावून आहेत. कुणाला कमी-जास्त वाटू नये म्हणून शैला झोपायला अण्णांकडे आणि मी बाळूभाऊंकडे अशी आमचीही वाटणी झाली. येताना वाटेत शैला माझ्या मागे-मागे चालत होती.

"जेवलीस एकदाची," मी म्हटलं.

"जेवले," ती म्हणाली. "पर दोघं एकमेकाशी बोलले का? तू होतीस म्हणून चाललं. उद्या तू न्हाय, मी न्हाय. ती कोप वाऱ्यानं पडंल आन झालं, पुन्हा तेच."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी पोट दुखतंय असं सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी

पुण्याला हरभऱ्याचा ढाळा, म्हणजे ओल्या घाट्यांची जुडी, न्यायचा म्हणून शैला सकाळी मला पुन्हा रानात घेऊन गेली. दवानं आमची पातळं गुडघ्यापर्यंत भिजली. हरभऱ्यावरच्या दवानं बोटं आंबट होतात, ती चाटत चाटत मी पेंडी बांधत होते. तेवढ्यात शैलाची हाक आली, साधी नव्हे, घाबरल्यासारखी. मी धावले. मला वाटलं, साप.

ती बांधावरच्या कोपीसमोर उभी होती. कोप पडली नव्हती. कुणीतरी तिला आणखी चार पेंढ्या लावून, वर दोरी आवळून घट्ट केली होती. आणि आत, सारवून घेतल्यासारख्या ओल्या मातीवर, पाच दगड ओळीनं बसले होते. गुळगुळीत, चुन्याच्या थरांनी जाड झालेले. पाचही जुने. कावेचे ठिपके इतके ताजे की मी बोट लावलं तर बोट तांबडं झालं.

शैलानं ढाळा खाली टाकला, ओंजळीत दोन घाटे सोलून पांडवांपुढे ठेवले आणि वाकून नमस्कार केला. मीही केला.

घरी आलो तर अण्णा ओट्यावर चहा पीत बसले होते. शैला म्हणाली, "अण्णा, बांधावर पांडव कुणी मांडले?"

"म्या न्हाय," अण्णा बशीत बघत म्हणाले. "माझी कंबर धरलीया. दगडं कोण उचलतंय? बाळूला विचार."

बाळू! मी शैलाकडे बघितलं. तिनंही ते ऐकलं होतं. ती पलीकडच्या ओट्यावर गेली. बाळूभाऊ तोंड धूत होते.

"मी? मी तर आत्ता उठलोय आक्का," ते म्हणाले. "अण्णाला विचार की."

शैलानं आधी एकाच्या हातातल्या कपाकडे बघितलं, मग दुसऱ्याच्या हातातल्या तांब्याकडे. दोघांचीही बोटं कावेनं तांबडी होती.

"दोघं बी लहानपणापासनं असंच खोटं बोलतेत," ती मला म्हणाली, आणि आत जाऊन सिंधूवहिनींकडे कालची उरलेली आंबील मागायला लागली.